एका संमतिपत्राचा इतिहास

गेल्या वर्षी ऐन श्रावणात माझी भाची सात-आठ पानांचा एक कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, तू जन्मभर सरकारी कागद वाचलेस, हाही एकदा वाच." तो कागद म्हणजे येथील एका खासगी रुग्णालयाचे संमतिपत्र होते, आणि शस्त्रक्रिया होती स्तनवर्धनाची. भाची एकोणचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, स्वतः मिळवती. माझा पहिला प्रश्न वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी यावा तोच आला: "हे कशासाठी?" ती मुळीच न रागावता म्हणाली, "नको म्हणायला आई आहे. तू मला फक्त काय काय होऊ शकते ते सांग."

चौतीस वर्षे राज्यशासनाच्या सेवेत राहून मी एक गोष्ट शिकले होते. नस्तीवर 'नामंजूर' लिहिणे सोपे असते. वस्तुस्थिती काय आहे, हे नीट लिहिणे कठीण. म्हणून मी तो कागद ठेवून घेतला, आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक कलम कोठून आले असावे याचा माग काढीत बसले. त्या वाचनातून हा लेख सिद्ध झाला आहे. आपल्या त्रैमासिकात होळकरशाहीचे दप्तर, जुने वाडे, घराण्यांची स्थलांतरे असे विषय येतात. त्या पंक्तीत हा विषय काही वाचकांना अस्थानी वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या घरांतील मुली-सुना या शस्त्रक्रियेविषयी विचारू लागल्या आहेत. काहींना ती कर्करोगात स्तन गमावल्यानंतरच्या पुनर्रचनेसाठी हवी असते, काहींना केवळ स्वतःच्या समाधानासाठी. ज्यांना आपण उत्तर देत नाही, त्या अन्यत्र कोठून तरी ते मिळवतात.

आरंभी एका गैरसमजाचा उलगडा करणे अवश्य आहे. प्लास्टिक सर्जरी या नावातील 'प्लास्टिक'चा बाजारातल्या प्लास्टिकशी संबंध नाही. आकार देणे, घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते नाव पडले, आणि तेही बादल्या-डब्यांच्या प्लास्टिकच्या कितीतरी आधी. ही घडणावळ युरोपने ज्यांच्याकडून उचलली, त्यांत आपल्या पुण्याचा एक अनाम कारागीर आहे. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्यानजीक विटा घडवणाऱ्या जातीतील एका मनुष्याने त्याच्या कपाळाची कातडी घेऊन नवे नाक बसविले. मुंबईचे दोन इंग्रज वैद्य, क्रूसो आणि फिंडले, ही क्रिया पाहत होते. पेशवे दरबारातील व्यक्तींची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये सचित्र वृत्तांत छापून आला. तो वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, लंडनच्या कार्प्यू या शल्यविशारदाने तीच क्रिया करून पाहिली.

आपण नेहमी येथवरचीच कथा अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या वृत्तांताचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात रुग्णाचे पुढचे दिवस नोंदलेले आहेत. चार दिवस पहिली पट्टी उघडायची नाही. मग तुपात भिजविलेल्या चिंध्या ठेवायच्या. पाच-सहा दिवस उताणे निजून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली जोडणारी कातडी कापायची. पुढे काय होईल हे दिवसवार सांगण्याची ही रीत त्या कारागिराच्या व्यवसायातच असली पाहिजे. त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, याचे वाईट वाटते. असो.

स्तनवर्धनाचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. तेथे क्रिया आधी आली आणि पुढे काय होईल हे सांगणे फार उशिरा.

पहिली नोंद १८९५ सालची. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विन्सेंझ चेर्नी या शल्यविशारदाकडे एक गायिका आली होती. तिच्या एका स्तनातील गाठ काढावी लागली. रंगमंचावर उभे राहणाऱ्या बाईचे दोन स्तन असमान दिसतील, या विचाराने चेर्नीने तिच्याच पाठीकडच्या बाजूची चरबीची निरुपद्रवी गाठ काढून त्या पोकळीत बसविली. म्हणजे आरंभ चैनीतून झाला नाही. रोगाने झालेली हानी भरून काढण्यातून झाला. भाचीच्या आईला मी हे मुद्दाम सांगितले. तिने ऐकून घेतले आणि शेंगा निवडत राहिली.

पुढचा टप्पा क्लेशदायक आहे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने १८९९ मध्ये शरीरातील खड्डे भरण्यासाठी पॅराफिनचे, म्हणजे मेणासारख्या खनिज पदार्थाचे, इंजेक्शन देण्यास सुरुवात केली. दिसायला फळ तात्काळ मिळे. काही वर्षांनी मात्र गाठी होत, कातडी फुटे, मेण मूळ जागा सोडून सरके. रक्तवाहिनीत शिरले तर अंधत्व वा मृत्यूही येई. पद्धत मागे पडली, पण तिच्यातला धडा फारसा कोणी घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात, आणि मागाहून अमेरिकेत, औद्योगिक उपयोगाचे द्रवरूप सिलिकोन स्त्रियांच्या स्तनांत थेट टोचले जाऊ लागले. परिणाम मेणासारखेच झाले, आणि अमेरिकेतील नेवाडा राज्याला तर हे टोचणे गुन्हा ठरवावे लागले. दरम्यान १९५० च्या दशकात स्पंजाचे तुकडे बसविण्याचा प्रयोग झाला. शरीरातील तंतू त्या छिद्रांत शिरत आणि स्पंज आकसून दगडासारखा होई. भाचीच्या कागदात 'कोणताही द्रवपदार्थ थेट टोचला जाणार नाही' असे एक वाक्य होते. ते निरर्थक वाटावे इतके उघड आहे, पण त्यामागे साठ-सत्तर वर्षांच्या हालअपेष्टा आहेत. आजही स्वस्तात इंजेक्शनने स्तन वाढवून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर तेथून उठून यावे.

आज ज्याला इम्प्लांट म्हणतात, ती सिलिकोनची पिशवी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे जन्मली. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन शल्यविशारदांची ती कल्पना. प्लास्टिकच्या पिशवीत भरलेले रक्त हाताला कसे लागते, यावरून ती गेरोला सुचली असे सांगतात. पहिला प्रयोग एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर झाला. आणि १९६२ च्या वसंतात टिमी जीन लिंडसे या सहा मुलांच्या आईवर ही शस्त्रक्रिया करण्यात आली.

ही बाई स्तन वाढविण्यासाठी रुग्णालयात गेलीच नव्हती. छातीवर गोंदवून घेतलेले काढून टाकावे, एवढ्यासाठी ती धर्मादाय रुग्णालयात गेली असता डॉक्टरांनी तिला विचारले. तिचे लक्ष खरे तर आपल्या पुढे आलेल्या कानांकडे होते. ते नीट करून देण्याचे ठरले तेव्हा तिने होकार दिला. जगातील अशा पहिल्या संमतीचे स्वरूप हे होते: कानांच्या बदल्यात छाती! २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, तिने वृत्तपत्रकारांना मुलाखती दिल्या तेव्हाही तीच इम्प्लांट तिच्या शरीरात होती, आणि एकंदरीत तिची तक्रार नव्हती. पण १९६२ मध्ये, पन्नास वर्षांनी काय होईल हे कोणीच तिला सांगू शकत नव्हते. पाच वर्षांनी काय होईल हेसुद्धा नाही.

येथून पुढचा इतिहास म्हणजे प्रत्येक उपायाने नवा दोष जन्माला घातल्याची साखळी आहे. संमतिपत्रातील सर्वांत दाट कलमे याच साखळीतून आलेली आहेत, म्हणून येथे थोडे थांबते.

शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतूंचे वेष्टन विणते. हा देहाचा स्वभाव आहे, रोग नव्हे. सर्वच स्त्रियांमध्ये ते तयार होते. काहींमध्ये मात्र ते आवळत जाते, स्तन कडक होतो, वेडावाकडा दिसतो आणि दुखतो. याला वेष्टनाचे आकुंचन म्हणू. अगदी पहिल्या इम्प्लांटांपासून ही तक्रार होती. १९७० च्या दशकात यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय रांगडा होता: डॉक्टरने दोन्ही हातांनी स्तन जोराने दाबायचा, म्हणजे आतले वेष्टन फुटते. वेष्टन फुटे, पण पुष्कळदा आतली पिशवीही फुटे. दुसरा उपाय म्हणजे पिशवीचे कवच पातळ आणि आतला जेल सैल करायचा, जेणेकरून स्पर्श मऊ राहील. त्या पातळ कवचातून सिलिकोन पाझरू लागले. मग फोमचे आवरण आले. तंतू त्यात गुंतत आणि वेष्टन आवळत नसे. त्या फोमच्या विघटनातून निघणाऱ्या रसायनाविषयी शंका उपस्थित झाल्या आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून तो माल काढून घेण्यात आला. तोवर फोमचा गुण फोमशिवाय मिळविण्यासाठी कवचाचा पृष्ठभागच खरखरीत करण्याची युक्ती रूढ झाली होती. ती यशस्वी ठरली, जगभर पसरली, आणि तिची किंमत पुढे पंचवीस-तीस वर्षांनी कळली.

ती किंमत सांगण्यापूर्वी सरकारी बाजू पाहिली पाहिजे. निवृत्त अधिकाऱ्याचा हा मोह वाचक क्षमा करतील. अमेरिकेत १९७६ पर्यंत वैद्यकीय साधन विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा मागणारा कायदाच नव्हता. तो झाला तेव्हा आधीपासून बाजारात असलेल्या इम्प्लांटांना विक्री चालू ठेवू देण्यात आली. १९८८ मध्ये त्यांना सर्वाधिक जोखमीच्या वर्गात घातले, आणि १९९१ मध्ये उत्पादकांकडून पुरावा मागविला. म्हणजे टिमी जीन लिंडसेच्या शस्त्रक्रियेनंतर एकोणतीस वर्षांनी! जो पुरावा आला तो अपुरा होता. १९९२ च्या जानेवारीत अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी सिलिकोन जेलची इम्प्लांट वापरणे थांबविण्यास सांगितले, आणि त्यानंतर ती केवळ पुनर्रचनेसाठी व अभ्यासाच्या चौकटीत मिळू लागली. मिठाच्या पाण्याने भरलेली तेवढी चालू राहिली. इकडे न्यायालयांत दाव्यांचा पूर आला. संधिवातासारखे आजार सिलिकोनमुळे झाले असे हजारो स्त्रियांचे म्हणणे होते. डाऊ कॉर्निंग या सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सर्व अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की, त्या आजारांचा इम्प्लांटांशी संबंध असल्याचा पुरावा सापडत नाही; मात्र स्तनातील स्थानिक उपद्रव, म्हणजे फुटणे, आवळणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे वारंवार होतात आणि खरा प्रश्न तोच आहे. २००६ च्या नोव्हेंबरात सिलिकोन जेलला पुन्हा परवानगी मिळाली.

या प्रकरणात स्त्रिया खोट्या होत्या असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो अन्याय वाटतो. तीस वर्षे कोणी पुरावाच गोळा केला नाही, तेव्हा दुखणाऱ्या बाईने आपले दुखणे कशाशी जोडायचे? थकवा, सांधेदुखी, विस्मरण यांच्या तक्रारी इम्प्लांट असलेल्या काही स्त्रिया आजही करतात. कारण अजून निश्चित झालेले नाही, पण इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटते, आणि आता ही गोष्ट रुग्णेला आधी सांगणे योग्य मानले जाते. भाचीच्या कागदात ती पाचव्या पानावर तळाशी होती.

फ्रान्समधील प्रकरण वाचताना मात्र मला माझी नोकरी आठवली. तुलाँ शहराजवळची 'पॉली इम्प्लांट प्रोथेस' ही कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकोन भरून इम्प्लांट विकत होती. युरोपातील पद्धतीप्रमाणे तपासणी होत असे, परंतु तपासणीदार आधी कळवून येत. ते येण्यापूर्वी औद्योगिक मालाची पिंपे हलविली जात आणि कागद जुळवून ठेवले जात. २०१० च्या मार्चमध्ये हे उघडकीस आले. तोवर जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात तो माल गेला होता. संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला २०१३ च्या डिसेंबरात चार वर्षांची शिक्षा झाली. मी स्वतः काही वर्षे एका तपासणीच्या कामावर होते. कळवून गेलेल्या ठिकाणी भिंतींना ओल्या चुन्याचा वास येई आणि नोंदवहीत वर्षभराचे आकडे एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले असत. आम्ही त्यावर सही करून चहा पिऊन परत येत असू. त्या सह्यांची आठवण आजही सुखाची नाही.

आता ती राहिलेली किंमत. खरखरीत इम्प्लांट असलेल्या स्त्रियांमध्ये, शस्त्रक्रियेनंतर बहुधा सात-आठ वर्षांनी वा त्याहून उशिरा, लिम्फोमा जातीचा एक विरळा कर्करोग आढळू लागला. हा स्तनाच्या पेशींचा कर्करोग नव्हे. तो इम्प्लांटभोवतीच्या वेष्टनात उद्भवतो. पहिली नोंद १९९७ ची. अमेरिकेच्या प्रशासनाने २०११ मध्ये त्याविषयी सूचना काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र रोग म्हणून मान्यता दिली. २०१९ च्या जुलैपर्यंत जगात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते, आणि ५७३ पैकी ४८१ जणींमध्ये ॲलर्गन या एकाच कंपनीची इम्प्लांट होती. त्या महिन्यात त्या कंपनीने आपला खरखरीत माल जगभरातून परत बोलाविला. लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: वर्षानुवर्षे काही त्रास नसताना एका बाजूचा स्तन अचानक सुजणे किंवा आत पाणी साठणे. वेळेवर ओळखल्यास इम्प्लांट आणि वेष्टन पूर्ण काढल्याने बहुतेक जणी बऱ्या होतात. २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रशासनाने इम्प्लांटवर ठळक चौकटीत इशारा छापणे सक्तीचे केले आणि प्रत्येक रुग्णेपुढे मुद्द्यांची यादी ठेवून तिची सही घ्यावी असे बंधन घातले. माझ्या भाचीच्या हातात आलेला कागद त्या यादीचा दूरचा नातेवाईक होता.

संमतीच्या बाबतीत आपल्या देशातही एक महत्त्वाचा निर्णय आहे. एका अविवाहित स्त्रीने केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. समीरा कोहली प्रकरण या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, संमती खरी आणि वैध असली पाहिजे. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि धोके पुरेसे समजावल्याशिवाय ती तशी ठरत नाही. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णेच्या वतीने आईदेखील ती देऊ शकत नाही. आपल्या कुटुंबपद्धतीत मोठी माणसे परस्पर होकार-नकार देऊन टाकतात. भाचीच्या आईला हा निर्णय मी वाचून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, "मग मला विचारतेस कशाला?" रास्त प्रश्न होता.

मी भाचीला तीन प्रश्न लिहून दिले. इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत? उत्पादक आणि क्रमांक असलेले कार्ड मला मिळेल का? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्च कोणाचा? डॉक्टर चांगले होते. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी ताबडतोब उत्तर दिले, पृष्ठभाग गुळगुळीत निघाला. तिसऱ्यावर ते म्हणाले की, इम्प्लांट जन्मभराचे नसते. केवळ वर्धनासाठी ते बसविलेल्या दर पाच जणींपैकी सुमारे एकीला आठ-दहा वर्षांत ते काढावे लागते. तो खर्च तुमचाच, आणि विमा कंपनी सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे सहसा देत नाही. भाचीने तो आकडा कागदाच्या समासात लिहून घेतला आणि दोन दिवस विचार करून सही केली.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली झाली. दीड तासाच्या आसपास लागला. छेद स्तनाखालच्या घडीत, चार-पाच सेंटिमीटरचा. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली ठेवले होते. असे केल्याने बारीक अंगाच्या बाईत त्याची कड दिसत नाही, पण सुरुवातीचे दुखणे वाढते. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, म्हणजे माझ्या घरी, कारण तिच्या घरी मुले अंगावर झेप घेतील अशी भीती होती. पहिले तीन दिवस छाती दोरखंडाने आवळल्यासारखी वाटते, असे ती म्हणे. हात खांद्याच्या वर जात नसल्याने तिची वेणी मी घातली. तिची वेणी घालण्याची वेळ माझ्यावर तीस वर्षांनी आली होती. उशांची उतरंड करून उताणे निजायचे, आधार देणारी पट्टेदार चोळी रात्रंदिवस घालायची, वेदनाशामक गोळी दुखणे वाढण्याची वाट न पाहता वेळेवर घ्यायची. ताप, एकाच बाजूला वाढती सूज वा लाली, धाप, पोटरीत दुखणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्री-अपरात्री फोन करायचा, हे मी भिंतीवर लिहून लावले होते. सुदैवाने वेळ आली नाही. दहाव्या दिवशी ती कचेरीत गेली. सहा आठवडे बादली, पिशवी, मूल काही उचलायचे नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुचाकीही चालवायची नाही. हेच शेवटचे तिला सर्वांत जड गेले.

पहिल्या महिन्यात आरशाने तिला घाबरविले. दोन्ही बाजू उंच, टणक आणि असमान दिसत. याची कल्पना आधी दिलेली असूनही ती एकदा रडली. सूज उतरून इम्प्लांट खाली स्थिरावण्यास तीन महिने लागले. उजव्या स्तनाग्राची बधिरता चार महिन्यांनी गेली. काहींची ती कायम राहते. व्रण अजून तांबूस आहे आणि फिका होण्यास वर्ष-दीड वर्ष लागेल. चाळिशीनंतर स्तनांची क्ष-किरण तपासणी करताना इम्प्लांट असल्याचे आधीच सांगायचे आहे, कारण त्यासाठी अधिकची चित्रे घ्यावी लागतात.

माझ्या बहिणीने या विषयावर शेवटपर्यंत तोंड उघडले नाही. मात्र पाचव्या दिवशी ती मऊ भात, मेतकूट आणि लोणकढ्या तुपाची वाटी घेऊन आली, लेकीजवळ बसली आणि शेजारच्या लग्नाविषयी बोलत राहिली.

ते कार्ड भाचीने माझ्याकडे ठेवायला दिले आहे. विम्याच्या पॉलिसींच्या पाकिटात ते आहे, आणि पाकिटावर मी लिहिले आहे: आतून फुटल्यास बाहेर कळत नाही, म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन, म्हणून तारखेखाली तिच्या थोरल्या मुलीचे नावही लिहून ठेवले आहे.